अद्भुताकडून विज्ञानाकडे

मुलांच्या हाती अद्भुत कथा द्याव्यात की न द्याव्यात, हा वाद जुनाच आहे. अशा कथांनी मुले भोळसट होतात, असे म्हणणारा एक पक्ष आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. अद्भुताचे बोट धरूनच विज्ञान आमच्या मुलांच्या वाचनात आले.

एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला. त्या सृष्टीत दिवा घासला की राक्षस हजर होतो. तो कसा, हे विचारण्याचे कारण पडत नाही. पुढे १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' मासिकातून ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत येऊ लागली. येथे 'कसे?' या प्रश्नालाच मान होता. विशेष हे की, त्या मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये पुण्यामुंबईत नव्हे, तर दूर कोचीनला राहत असत.

हे ध्यानी घेतले म्हणजे बीड जिल्ह्याचा विचार करताना अंतराची सबब उरत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी शिक्षणात उर्दूस अग्रस्थान होते. तरीही याच जिल्ह्यातील अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. पंचमहाभूतांचा गहन विचार त्यांनी लांबलचक वस्त्रावर शब्दांनी व आकृत्यांनी मांडला. ते अध्यात्म होय, विज्ञान नव्हे. परंतु विश्वाचे कोडे डोळ्यांपुढे उलगडून दाखविण्याची हौस या भूमीस नवी नाही.

पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कथा मुलांसाठी रसाळ मराठीत आणल्या. १९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस पाठविली व तिला पहिले पारितोषिक मिळाले.

वडील माणसांनी हाच क्रम घरी ठेवावा. आधी अरबी गोष्टींतील निवडक, मग भागवत, मग नारळीकर. पुस्तक देऊन मात्र मोकळे होऊ नये. व्हर्नचे वीर तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात. तोफेच्या त्या धक्क्याने माणूस जिवंत राहील काय, असे मुलास विचारावे. तो राहणार नाही. म्हणूनच १९६९ साली चंद्रावर उतरणाऱ्यांना वेग हळूहळू वाढविणारे अग्निबाण लागले. चूक शोधण्याचा आनंद मुलास एकदा लाभला की, भोळसटपणाचे भय सरले.

बीडमधील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस परगावी जातात. कित्येक मुलांची शाळा तेथेच तुटते. शाळा बैलगाडीत घालून नेता येत नाही. गोष्टीचे एक लहानसे पुस्तक नेता येते. ते शाळेची जागा घेणार नाही, परंतु फडावरच्या रात्री वर दिसणाऱ्या चंद्राविषयी 'कसे?' असा प्रश्न मुलाच्या मनात जागा ठेवील. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे भरलेली आहेत, त्यांनी त्यातील एक अशा मुलापर्यंत पोहोचवावे, एवढेच मागणे आहे.