बिब्ब्यापासून गाजरगवतापर्यंत

दिवाळीची थंडी पडू लागली की आमच्या वऱ्हाडात डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू होते, आणि लाडवांत गोडंबी हवीच. गोडंबी म्हणजे बिब्ब्याचा गर. चवीला बदामासारखा, पण टरफलातले काळे तेल अंगाला लागले तर कातडी सुजते, फोड येतात. याला आपण ‘बिब्बा उतला’ म्हणतो. गंमत अशी, की तो सगळ्यांना सारखा उतत नाही. एखादीला थोडी खाज सुटून भागते, तर तिच्या जावेचे डोळे मिटतात इतकी सूज येते. आपल्या बायकांना हे केव्हापासून ठाऊक होते. शास्त्राने अशा स्वभावाला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले ते १९०६ साली, व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर पुरळ उठू लागले. शोध घेता कळले, की परटाने कपड्यांवर बिब्ब्याने खूण केली होती! १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी ही हकीकत छापून प्रसिद्ध केली.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच वनस्पतीचे. उंद्रीत आमचे एक काका आहेत. एका सुगीत त्यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या लवणी लाल झाल्या, चिघळल्या. कोणी देवीचा कोप म्हणाले, कोणी त्यांच्या ताटाशेजारी बसेना. डॉक्टरांनी गाजरगवताचे नाव घेतले, तेव्हा काका उसळले, “वीस वर्सं झाली, हेच गवत उपटून राह्यलो. आजच कसं उतलं बा?”

प्रश्न बिनतोड होता.

हे गवत आपल्याकडचे नव्हे, अमेरिका खंडातले. पुण्यात ते १९५५ साली उकिरड्याच्या जागी दिसले आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हटले, कारण ते अमेरिकेच्या पी. एल. ४८० च्या गव्हातून आले अशी समजूत. मात्र त्या गव्हाचा करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये! गव्हालाच दोष द्यायचा, तर अमेरिकेकडून १९५१ साली कर्जाने घेतलेल्या गव्हाकडे बोट दाखवावे लागेल. ते असो. गवत रस्त्याकडेने, रेल्वेकडेने गावोगाव पोचले. त्याने माणसांना होणाऱ्या त्वचारोगाचा वृत्तांत पुण्याचे डॉ. लोणकर यांनी दोघा परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केला.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. सुकलेल्या पानांची धूळ वाऱ्याने उडून उघड्या अंगावर बसते. ते द्रव्य कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटते, आणि शरीरातल्या टी पेशी त्यांना परके समजून त्यांची ओळख पक्की करून ठेवतात. ही ओळख कोणाची महिन्यांत, कोणाची कित्येक वर्षांनी पक्की होते. तोवर अंगावर काहीच दिसत नाही. एकदा झाली, की पुढच्या स्पर्शानंतर दिवसा-दोन दिवसांत त्या पेशी धावून येतात. फोड आणि सूज ही त्यांचीच करणी. या पेशींचेच हे काम आहे, हे १९४२ साली लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगांवर दाखवून दिले. एका जनावराच्या पेशी दुसऱ्याला टोचताच त्यालाही तीच बाधा झाली. थोडक्यात, विषाने नव्हे, पहारेकऱ्याच्याच अतिदक्षतेने घराची मोडतोड होते. कधी तर या पहाऱ्याला घरचाच माणूस चोर वाटतो. लहान मुलांचा मधुमेह आणि सांध्यांचा एक चिवट आजार त्यातूनच येतात.

म्हणजे वीस वर्षे उपटले म्हणून उतणार नाही असे नाही. वीस वर्षे उपटले म्हणूनच उतले. हे मी काकांना समजावले, तेव्हा ते बराच वेळ हातांकडे पाहत राहिले.

या गवतावर जगणारे मेक्सिकोचे भुंगेरे १९८४ साली बंगळूरकडे सोडले, ते पुढे आपल्याकडेही पसरले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात, पण गवत काही हटलेले नाही. काकांनी शेत बटईने दिले. वारा सुटला की काकू बांधाकडची खिडकी लावून घेते. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा काका ओसरीवर हाताला राख चोळून गोडंबी फोडत बसले होते. बिब्बा त्यांना अजूनही उतत नाही.