जुनी महिंद्रा जीप घरीच दुरुस्त करायचीय? कशाला हात लावायचा आणि कुठे थांबायचं, समजून घ्या

गावाकडे एखाद्या घराच्या मागे, ताडपत्रीखाली एक जीप उभी दिसतेच. कधीकाळी दुधाचे कॅन, लग्नाचं वऱ्हाड, निवडणुकीचे भोंगे वाहिलेली. आता टायरमध्ये हवा नाही आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलाय. मग सुट्टीत घरातला कुणीतरी तरुण मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघतो, पाने गोळा करतो आणि ठरवतो की ही आपणच चालू करायची.

हे वाटतं तितकं अशक्य नाही. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढची कित्येक वर्षं त्या गाडीचा मूळ साचा फारसा बदलला नाही. नंतर आलेल्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचं डिझेल इंजिन होतं, पण खाली तोच शिडीसारखा चॅसी, पुढे-मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. बिघाड डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो आणि बऱ्याचदा पान्याने सुटतो.

अडचण वेगळीच आहे. घरी काम करणारे बहुतेक जण सगळा जोर ‘गाडी चालू कशी होईल’ यावर लावतात. चालू न होणारी जीप कुणाला इजा करत नाही. जॅकवरून घसरलेली किंवा उतारावर न थांबणारी करते.

आधी जॅक, मग बाकी सगळं

या जुन्या जीपची एक गोष्ट नव्या कारवर शिकलेल्यांना माहीत नसते. विलीजच्या वंशातल्या अनेक जीपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे हँडब्रेक ओढला की शाफ्ट अडतो आणि त्यामुळे दोन्ही चाकं अडतात.

आता मागचं एकच चाक जॅकने उचललं की काय होतं? ते मोकळं फिरू शकतं, आणि डिफरन्शियलमुळे (मिस्त्री त्याला क्राउन म्हणतात) जमिनीवरचं दुसरं चाकही उलट्या दिशेने फिरू शकतं. शाफ्ट जागचा हलत नाही, तरी गाडी पुढे सरकते. हँडब्रेक ओढलेला असूनही. गाडी गिअरमध्ये ठेवली तरी हाच प्रकार होतो, कारण गिअरसुद्धा शाफ्टच अडवतो.

म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी हवी, नाहीतर वजन आलं की जॅक तिरका रुततो. आणि गाडीखाली जायचं असेल तर चॅसी किंवा ॲक्सलखाली घोड्या लावाव्या लागतात. घोडी म्हणजे गॅरेजमध्ये असतो तो लोखंडी स्टँड. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडीचं काम करत नाहीत. ते आधी वाकून इशारा देत नाहीत, थेट फुटतात. घोड्या लावल्यावर गाडीला बाहेरून जोरात धक्का देऊन बघायचा. हलली तर पुन्हा लावायच्या.

अनेक वर्षं उभी असलेली जीप चालू कशी करायची?

लगेच स्टार्टर मारू नये. आधी क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्यात धरून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघावं. फिरत नसेल तर रिंगा अडकल्या असण्याची शक्यता आहे आणि तिथे जोर लावून काहीतरी तुटेल. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकावं, कारण तळाला पाणी आणि गाळ साठलेला असतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावेत. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधाव्यात. जुन्या जीपमध्ये फ्यूज मोजकेच असतात, त्यामुळे उघडी वायर पत्र्याला टेकली तर ती थेट जळते.

नवी बॅटरी लावूनही स्टार्टर मरगळल्यासारखा फिरतोय? दोष बऱ्याचदा स्टार्टरचा नसतोच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला चॅसीशी जोडणारी तांब्याची अर्थ पट्टी लागते. ती गंजलेली असली की करंट पोहोचत नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून इंजिनच्या साफ केलेल्या धातूवर एक जम्पर केबल थेट जोडून बघावी. स्टार्टर झटक्यात फिरला तर स्वस्तातली पट्टी बदलून काम होतं. अनेकांनी याआधी अख्खा स्टार्टर बदललेला असतो!

प्यूजो इंजिनला थंडीत हीटर प्लग लागतात (काही डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांना ते नसतातच). चारही प्लगना जोडणारी पट्टी काढायची, बॅटरीच्या पॉझिटिव्हला १२ व्होल्टचा एक बल्ब जोडायचा आणि त्याची दुसरी वायर एकेका प्लगच्या टोकाला लावायची. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर तो प्लग मेलाय.

यानंतरही इंजिन पकडत नसेल तर बहुधा डिझेलने एअर घेतली आहे. टाकी रिकामी झाली होती किंवा फिल्टर बदलला होता, तर हे होणारच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येतं. तेव्हा स्क्रू आवळायचा आणि हेच पुढे इंजेक्शन पंपावर करायचं.

इथे एक धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. इंजेक्टरमधून सुटणारा डिझेलचा फवारा इतक्या दाबाचा असतो की तो कातडीतून आत शिरतो. फवारा येतोय का हे बोट लावून कधीच बघू नये. शिरलाच तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं. तरी लगेच हॉस्पिटल गाठावं आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. उशीर झाला तर बोट गमवावं लागू शकतं. इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर उघडण्याचं काम घरचं नाही. त्याला टेस्ट बेंच लागतो आणि ते करणारे पंपवाले वेगळे असतात.

चालू करण्याआधी बंद कसं करायचं हेही बघून ठेवावं. जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी काढली तरी चालत राहतं. बऱ्याच जीपमध्ये ते स्टॉप केबल ओढून बंद होतं, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत नेमकी तीच केबल जाम झालेली असते.

ऑइल आणि ग्रीस

घरी करायला यापेक्षा चांगलं काम नाही. पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, अशा ठिकाणी जिथे जिथे ग्रीस निपल आहेत ती पुसून ग्रीस गन मारायची. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली असेल तर गिअरबॉक्स आणि क्राउनचं ऑइल तपासावं. ते दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय आणि ते बदलावंच लागेल.

ऑइल काढताना आधी वरचा, भरायचा नट उघडायचा आणि मगच खालचा. उलट केलं, ऑइल सगळं सांडलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकली. काढलेलं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजला द्यावं, त्यांच्याकडून ते गोळा करणारे घेऊन जातात.

ब्रेकचं काम घरी करावं का?

तपासणी जरूर करावी. पॅडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरची रबरं गेलीत. दोन-तीनदा पंप केल्यावरच कडक होत असेल, तर एअर आहे किंवा लायनर झिजून ॲडजस्टमेंट सैल झालीय. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ड्रम उघडून बघावं. व्हील सिलिंडर गळत असेल किंवा ॲक्सलच्या सीलमधून ऑइल येऊन लायनर भिजला असेल. भिजलेला लायनर पेट्रोलने पुसून परत बसवायचा नसतो, बदलायचा असतो. ड्रममधली धूळ फुंकायची नाही की कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसावं.

एअर काढायला दोन माणसं लागतात. एक पॅडलवर, एक चाकापाशी. “दाब” म्हटलं की दाबायचं, निपल परत आवळेपर्यंत सोडायचं नाही. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने. मधेच डब्यातलं ब्रेक ऑइल संपलं तर पुन्हा पहिल्यापासून. नाव ‘ऑइल’ असलं तरी तिथे इंजिन ऑइल कधीच घालू नये. सगळी रबरं फुगतात.

फार जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच ब्रेक लाइन असते. एक पाइप फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. त्यामुळे गंजलेला पाइप, मास्टर सिलिंडर आणि स्टिअरिंगचे जॉइंट ही कामं घरी केली तरी गाडी रस्त्यावर नेण्याआधी जाणत्या मिस्त्रीला घरी बोलावून तपासून घ्यावीत. पहिली चाचणी सपाट मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने. घाटात नाही.

पार्ट कुठे मिळतात?

मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ. जाताना जुना पार्ट सोबत न्यावा, फोटोवर भागत नाही. बऱ्याच जीप आयुष्यात कधीतरी बदललेल्या असतात. हरियाणातलं डबवाली तर जीप नव्याने बांधून देण्यासाठीच प्रसिद्ध आहे. अशा गाडीत एका मॉडेलचा ॲक्सल, दुसऱ्याचा गिअरबॉक्स सर्रास असतो आणि पुस्तिकेतला पार्ट बसेलच असं नाही.

आणि कागदपत्रं?

खरं तर पार्ट घेण्याआधी हे बघायला हवं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क २०२२ पासून कारसारख्या गाड्यांना ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांहून जुन्या गाड्यांना १०,००० रुपये. उशीर केला तर दरमहा ५०० रुपये वेगळे, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. कित्येक वर्षं कागद न बघितलेल्या जीपचा हा हिशेब इंजिनाच्या कामाहून मोठा निघू शकतो. दिल्ली परिसरातला १० वर्षं जुन्या डिझेल गाड्यांचा नियम मात्र महाराष्ट्राला लागू नाही, व्हॉट्सॲपवर काहीही फिरत असलं तरी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. गंज काढताना एक जागा सांभाळावी, ती म्हणजे चॅसी नंबर. त्यावर ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नये. माती धुऊन, मऊ ब्रशने साफ करून नंबर वाचता येतो का बघावं आणि आरसीवरच्या नंबरशी ताडून फोटो काढून ठेवावा. तपासणीच्या दिवशी आरटीओत तो नंबर बघितलाच जातो.