राब, रान आणि रानाचे परीक्षक



उधव्याच्या माणसांपुढे रानावर बोलायचे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखे आहे. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही. मजुरांच्या संघटनेत उमेद गेली आणि त्या निमित्ताने जुने सरकारी कागद वाचण्याची खोड लागली. ते वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतो. रानाची परीक्षा आजवर कोणी केली, कशासाठी केली, आणि जो त्या रानात राहतो त्याची साक्ष कोणी घेतली?

आधी एक खुलासा. उधवा-तलासरीकडचे रान हे बारमाही हिरवे रान नव्हे. ते पानगळीचे. साग, ऐन, धावडा, खैर, मोह ही त्यातली माणसे, आणि उन्हाळ्यात साग अगदी उघडा होतो. बारमाही हिरवे रान पाहायचे तर सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकरला नाहीतर आंबोलीला जावे लागते. तिकडेही आपण येऊ, पण सुरुवात घरापासून.

मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर झाला. दापोडीच्या सरकारी बागेचा कारभार त्याच्याकडे होता आणि झाडांचा त्याला खरा नाद होता. डाल्झेल नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याबरोबर त्याने इलाख्यातील वनस्पतींचे पुस्तक १८६१ मध्ये छापले. विद्या खरी, मेहनत खरी, यात शंका नाही. पण त्याच सुमारास, १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि रुळांखाली घालायला लाकूड लागू लागले. रानाची मोजदाद आणि रानाची मागणी अशा दोन्ही गोष्टी हातात हात घालून आल्या. पुढे १८७८ चा जंगल कायदा झाला. ‘राखीव’ हा शब्द त्या कायद्याने गावोगाव पोचवला. कोणासाठी राखीव, हे मात्र गावाला कोणी विचारले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याच्या या कारभारावर कोरडे ओढले आहेत.

ठाणे जिल्ह्यात भांडण पेटले ते राबावरून. राब म्हणजे काय, हे येथे सांगायला नको. पण हे व्याख्यान छापले जाणार आहे आणि शहरातला वाचक भात फक्त ताटात पाहतो, म्हणून सांगतो. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचतात. वर बारीक माती पसरतात, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. मग पेटवतात. पहिल्या पावसावर त्याच जागी बी पेरतात आणि रोप वाढले की उपटून खाचरात लावतात. जंगलखात्याला फांदी छाटणे दिसे. खाचरात उभे राहिलेले पीक दिसत नसे. कुणबी आणि वारली अडाणी, उगाच लाकूड जाळतात, असा खात्यातला मोठा मतप्रवाह होता.

ठाणे-कुलाब्याची गाऱ्हाणी इतकी वाढली की सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब हा त्यातला मोठा विषय. असला सरकारी कागद मजुराच्या पोराने वाचावा, ही ज्याने तो लिहिला त्याची अपेक्षा खचितच नसेल!

पण राबाची खरी परीक्षा व्हायला आणखी पंचवीस वर्षे गेली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरॉल्ड मान यांनी ना. वि. जोशी व ना. वि. कानिटकर या दोघांना बरोबर घेऊन राबाच्या जमिनीचा अभ्यास केला आणि तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. हेच ते मान, ज्यांनी पुढे पिंपळे सौदागर गावातील जमीन आणि मजुरी यांचा हिशेब मांडला. त्यांनी असा प्रश्न टाकला की, फायदा राखेचा की आगीचा? राख बाहेरून आणून टाकली तर तेच पीक येईल काय? निष्कर्ष असा निघाला की राख हे खत आहेच, पण जमीन तापण्याचाही वेगळा गुण आहे. तापलेल्या मातीतील द्रव्ये विरघळण्याजोगी होतात आणि रोपाला मिळतात. शिवाय तणाचे बी जळते, हे तर कोणतीही आवणी करणारी बाई सांगेल. म्हणजे ज्याला अडाणीपणा म्हणून हिणवले, त्यात विद्या निघाली. दंड मात्र त्याआधीच वसूल होऊन गेले होते.

म्हणून राबाने झाडाला काही इजाच होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. दरसाल छाटलेला ऐन खांबासारखा उभा राहतो, हे सर्वांनी पाहिले आहे. पण फांदी छाटलेले झाड पुन्हा फुटते. ठेकेदाराच्या कुपातले झाड गाडीत भरून जाते. त्या कुपात कुऱ्हाड चालवणारा हात याच मुलखातला होता आणि त्या हाताला वेठीत राबवले जात होते. १९४५ साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वेठ झुगारली. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही त्यांची मागणी होती. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड याच्यासह पाच जण पडले. रानाच्या इतिहासात ही नोंद कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही; आमच्या मते ती तेथेच असायला हवी.

स्वातंत्र्यानंतर निराळे परीक्षक आले. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे देवरायांतून हिंडले आणि त्यांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडीला आली होती; लोकांनी या अभ्यासकांकडे धाव घेतली आणि ती राई वाचली. गावकऱ्यांचे म्हणणे असे की राई आहे तोवर ओढा वाहतो. अभ्यासकांनी ते ऐकून घेतले आणि लिहून ठेवले. १८८५ आणि १९७६ यांत फरक पडला तो येथे.

भीमाशंकरच्या रानात १९८० च्या दशकात रेनी बोर्जेस यांनी शेकरूचा अभ्यास केला. कोणत्या महिन्यात शेकरू कोणत्या झाडावर, फळ नसेल तेव्हा काय खाते, हे महिनोन्‌महिने झाडाखाली बसून टिपायचे. त्या कामाला झाडांना नंबर घालावे लागतात, छातीच्या उंचीवर दोरीने घेर मोजावा लागतो. घेर मोजण्याचे हेच काम ठेकेदाराच्या कुपातही मजूर करी. तेथे त्यानंतर झाड पडे, येथे उभे राही. अशा अभ्यासांत वाट दाखवणारा, झाडाचे नाव सांगणारा गडी रोजावर असतो आणि प्रबंधात त्याच्या वाट्याला आभाराची एक ओळ येते. मजुरीचा प्रश्न तेथेही आहेच, आणि तो काढला म्हणून विद्येचा अपमान होत नाही.

इकडे डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. आणि २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात सरकारी नोंदी आहेत, नकाशे आहेत, आणि दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले व लिहून घेतलेले निवेदनही आहे. पडताळणीला वनखात्याचा माणूस, महसूलचा माणूस आणि ग्रामसभेची वनहक्क समिती एकत्र शिवेवरून चालतात. कोणाच्या हातात यंत्र असते, आणि एखादी म्हातारी काठीने दाखवते की अमक्या मोहापासून तमक्या नाल्यापर्यंत तिच्या सासऱ्याचा राब होता.