कलम २१२(ई): डॉक्टरांपुरते भाष्य

अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टमधले कलम २१२(ई) हे एकच अजस्र वाक्य आहे. रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी, जे-१ व्हिसावर गेलेला प्रत्येक परदेशी डॉक्टर त्या वाक्यात अडकतो, आणि सुटायचे झाले तर त्याच वाक्यातून सुटतो. ‘मॅच’ लागल्याच्या, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळाल्याच्या, आनंदात ते कोणी वाचत नाही. रेसिडेन्सी संपत आली की वकील वाचायला लावतो. इथे त्याचे तुकडे पाडून, प्रत्येकाचा आशय मराठीत देऊन, डॉक्टरांना लागू पडेल तेवढेच भाष्य केले आहे.

‘जे वर्गात प्रवेश मिळालेली, किंवा आत आल्यावर तो दर्जा घेतलेली कोणतीही व्यक्ती…’

हा वर्ग १९६१च्या फुलब्राइट-हेज कायद्याने आणला. या, शिका, परत जा, हा त्यामागचा हिशेब. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे एकटा डॉक्टर नव्हे. जे-२ वर सोबत गेलेले नवरा, बायको, मुले त्याच दाव्याला बांधली जातात. बायको स्वतः इंजिनिअर असली तरी नवऱ्याची अट तिलाही लागते.

‘(एक) जिचा खर्च कोणा एका सरकारने केला, (दोन) जिच्या कौशल्याची मायदेशाला निकड असल्याचे यादीत नमूद आहे…’

पहिला पोटखंड सोडून देऊ. दुसऱ्यातली यादी अमेरिकेचे परराष्ट्र खाते ठरवते, आणि डिसेंबर २०२४मध्ये तिच्यातून भारताचे नाव वगळले गेले. आपल्या पुष्कळ संशोधकांची त्यामुळे सुटका झाली. डॉक्टरांनी मात्र पेढे वाटू नयेत, कारण पुढचा पोटखंड यादी पाहत नाही.

‘(तीन) किंवा जी पदवीनंतरचे वैद्यकीय शिक्षण वा प्रशिक्षण घेण्यासाठी आली…’

हे शब्द १९७६चे. देशात डॉक्टरांचा तुटवडा उरलेला नाही, असे अमेरिकन काँग्रेसने त्या वर्षी कायद्यातच लिहून टाकले आणि परदेशी डॉक्टरांचा कायमच्या वास्तव्याचा रस्ता अरुंद केला. दोन दशकांतच त्याच काँग्रेसला उलट पावले टाकावी लागली. ते पुढे येईलच.

या पोटखंडासोबत कलम २१२(जे) वाचावे लागते. त्यानुसार डॉक्टरने परत जाण्याची हमी द्यायची, आणि या कौशल्याची आम्हाला गरज आहे असे मायदेशाच्या सरकारने लेखी कळवायचे. भारतात हे ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ दिल्लीचे आरोग्य मंत्रालय देते. त्यावर शाखेचे नाव असते. इंटर्नल मेडिसिन संपवून कार्डिऑलॉजीच्या फेलोशिपला निघालात की नवे पत्र आणावे लागते, म्हणजे गरजही नव्याने कळवायची.

शंका : रुग्णाला हात न लावता केवळ संशोधनासाठी जे-१ वर गेलेला डॉक्टर इथे येतो का? नाही. इथे प्रशिक्षण म्हणजे रुग्णसेवेतले प्रशिक्षण.

‘…मायदेशात एकूण किमान दोन वर्षे प्रत्यक्ष राहिल्याचे सिद्ध होईपर्यंत कायम वास्तव्याला, अथवा एच वा एल व्हिसाला पात्र नाही.’

‘एकूण’ म्हटल्यामुळे दोन वर्षे सलग असण्याची गरज नाही. पण ती मायदेशातच हवीत, किंवा कायद्याच्या भाषेत शेवटच्या वास्तव्याच्या देशात. नागपूरच्या डॉक्टरने दुबईत दोन वर्षे काढली तर त्यातला एक दिवसही धरला जात नाही. बंदीच्या यादीत ओ व्हिसा मात्र नाही. असामान्य गुणवत्तेचा हा वर्ग १९९०चा, कलमानंतरचा. ही फट बुजवण्याचे कोणी मनावर घेतले नाही. अट अंगावर असतानाही ओ-१ मिळतो. फक्त तो अमेरिकेबाहेर जाऊन वकिलातीतून घ्यावा लागतो. अर्थात रेसिडेन्सीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या किती जणांना ‘असामान्य’ ठरता येईल, हा प्रश्न आहेच.

‘परंतु जोडीदारावर वा अपत्यावर अपवादात्मक आपत्ती येणार असेल, किंवा छळाची भीती असेल…’

जोडीदार वा अपत्य अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवे. डॉक्टरचे स्वतःचे हाल हिशेबात धरत नाहीत, आईवडिलांचेही नाहीत. शिवाय आपत्ती दुहेरी सिद्ध करायची : कुटुंब सोबत गेले तर काय होईल आणि मागे राहिले तर काय होईल. छळाच्या वाटेने जाणारे थोडेच.

‘…किंवा संबंधित सरकारी संस्थेने, अथवा राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने विनंती केली तर अट माफ करता येईल.’

सगळे इंगित या ओळीत आहे. आरोग्य विभागाचा उल्लेख १९९४मध्ये घातला गेला, तो नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या प्रयत्नाने. ओस पडत चाललेल्या खेड्यांतल्या इस्पितळांना डॉक्टर मिळेनात, हे त्यांच्या राज्याचे दुखणे होते. आधी प्रत्येक राज्याला वर्षाला २० माफ्या, २००२पासून ३०. म्हणून ‘कॉनरॅड ३०’. अट अशी : टंचाईग्रस्त ठरवलेल्या भागात आठवड्याला ४० तास, एच-१बी व्हिसावर, तीन वर्षे, आणि माफी मिळाल्यापासून ९० दिवसांत रुजू. काही राज्यांच्या जागा बघता बघता संपतात, काहींच्या वर्षअखेर शिल्लक राहतात. त्यामुळे ‘वेव्हर जॉब’, म्हणजे माफीची नोकरी, शोधणारा आधी राज्य निवडतो आणि मग इस्पितळ.

मायदेशाची दोन वर्षे द्या, नाहीतर आमच्या खेड्याला तीन वर्षे द्या, असा हा सौदा. गरज कागदावर भारताची नोंदवायची आणि भागवायची अमेरिकेच्या एखाद्या काउंटीची. असे बंधन इकडेही असते : महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची ग्रामीण बंधपत्रित सेवा असते. अनेक वर्षे दंड भरून तीतून सुटायची सोय होती आणि पुष्कळ जण सुटले. त्यांतल्या ज्याला पुढे कॉनरॅडची जागा घ्यावी लागली, त्याने गडचिरोलीचे एक वर्ष चुकवून नॉर्थ डकोटाची तीन वर्षे पत्करली, आणि ती बर्फात! तिथल्या बंधपत्राला दंड भरून सुटण्याची वाट नाही. तीन वर्षे पुरी झाली नाहीत तर दोन वर्षांची अट पुन्हा मानेवर बसते.

‘आणखी असे की, मायदेशाने हरकत नसल्याचे लेखी कळवल्यास अट माफ करता येईल, पोटखंड (तीन)मधील व्यक्ती वगळून.’

वगळलेले ते आपले डॉक्टर. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने २०११मध्ये, ६५ वर्षांवरील सोडून, डॉक्टरांना परत येण्याचे बंधन नसल्याचा दाखला, म्हणजे ‘नोरी’, देणे थांबवले. आता डॉक्टरांना परत यावेच लागेल, असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला. पण रेसिडेन्सीला गेलेल्याची अट नुसत्या त्या दाखल्याने कधीच माफ होत नव्हती. कॉनरॅडच्या वाटेवरही मायदेशाचे ‘हरकत नाही’ मागतात ते फक्त डॉक्टर परतण्याच्या करारात बांधलेला असेल तेव्हा. एरवी दिल्लीला विचारतात ते प्रशिक्षणाला निघताना, गरज आहे का म्हणून. माफीचा अर्ज येतो तेव्हा तीच गरज भागली की नाही, हे दिल्लीला कोणी विचारत नाही.