सडपातळ म्हणजे सेफ?

परवा ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर ११२! वय २८, वजन जेमतेम ६२ किलो. "लॅबने घोळ घातला असणार," मी म्हणालो. आई शांतपणे म्हणाली, "तुझे बाबाही अगदी हेच म्हणाले होते." १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. जात्यातले बाबा, सुपातला मी. मग काय, अख्खा वीकएंड वाचनात गेला.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार आहेत: एक जन्मजात, दुसरा चुकीच्या आहारविहाराचा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल, लोळायची आवड असलेला. खाण्यापिण्यातून येणारा मधुमेह जाड्या माणसाला, हा हिशोब आपल्याही डोक्यात पक्का बसलाय.

तो चुकतो कुठे, हे दाखवलं आपल्या पुण्याने. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. २००३ साली निष्कर्ष आले. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही!

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंची-वजनाचं गणित, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच: २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा आपल्याला चक्क फसवतो. त्यापेक्षा कमरेला टेप लावा. भारतीय पुरुषाला ९० सेंमी, बाईला ८० सेंमी ही धोक्याची रेघ. माझी भरली ९३!

आता चांगली बातमी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी माझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि जेवणात बदल करणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होतं. गोळी घेणाऱ्यांचाही आकडा जवळपास तेवढाच.

म्हणजे खात्री नाही, पण संधी नक्की आहे. बाबांना ती कोणी वेळेवर सांगितलीच नाही. असो. तुमच्याही घरात कोणाला साखर असेल तर बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका, एकदा रक्त तपासून घ्या.

मी निघालो चालायला. बाबाही बूट घालतायत.