मागणी जिंकली, पक्ष हरला

१९५७ च्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) ३१ आमदार मुंबई राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभेत ते १५ उरले, १९७२ मध्ये ७, १९९५ मध्ये ६, २००४ मध्ये २ आणि २०१९ मध्ये फक्त १. मधूनमधून आकडा थोडा वर गेला: १९६७ मध्ये १९, १९७८ आणि १९८५ मध्ये १३. पण उताराची दिशा बदलली नाही. एकेकाळी काँग्रेसला पर्याय म्हणून ज्या पक्षाकडे पाहिले जात होते, त्याची ही घसरण कशामुळे झाली? नेते फुटले, विचार परका होता, सत्ताधाऱ्यांनी पैसा आणि यंत्रणा वापरली, अशी तीन उत्तरे नेहमी दिली जातात. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत. शेकापच्या बहुतेक मूळ मागण्या मान्य झाल्या. मात्र त्या दुसऱ्यांच्या हातून मान्य झाल्या आणि त्यातून घडलेला नवा शेतकरी ज्या संस्थांच्या आधाराने जगू लागला, त्या संस्थांत पक्षाला फारशी जागा नव्हती. पराभवाचे मूळ तिथे आहे.

या पक्षाचा जन्म काँग्रेसच्या घरातच झाला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये आणले होते. स्वराज्य येणार हे दिसू लागले, तसे पक्षाची आणि राज्याची सूत्रे शेटजी-भटजींच्याच हातात राहणार, ही भावना बळावली. आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामगार संघ उभा राहिला. पक्षांतर्गत गटांना काँग्रेसने मनाई केल्यावर १९४८ मध्ये ही मंडळी बाहेर पडली. त्यांच्यामागे सत्यशोधक चळवळीचा वारसा होता, प्रतिसरकारचे नाना पाटील होते आणि कुलाबा जिल्ह्यातला खोतीविरुद्धचा लढा होता. अलिबाग तालुक्यात चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. खोताची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार २५ गावांनी केला आणि तो १९३९ पर्यंत पाळला. कुळाने राबायचे आणि अर्धेलीने पिकाचा निम्मा वाटा खोताच्या खळ्यावर नेऊन घालायचा, या व्यवहाराला तो नकार होता. पुढे कुलाब्यात म्हणजे आजच्या रायगडात शेकाप रुजला, तो याच मातीत. त्याचा मतदार कोण, याबद्दल तेव्हा शंका नव्हती. जमीन कसणारा, पण जमिनीचा मालक नसलेला माणूस हा त्याचा मतदार होता.

आता नेते फुटल्याने पक्ष संपला, या मताकडे वळू. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत शेकापला १४ जागा मिळाल्या आणि अपेक्षाभंग झाला. १९५४ मध्ये खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. दत्ता देशमुख वेगळे झाले, नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. संस्थापकच उठून गेल्यावर पक्ष उरायला नको होता. प्रत्यक्षात तीनच वर्षांनी, संयुक्त महाराष्ट्र समितीत राहून, त्याने आपल्या जागा दुपटीहून अधिक केल्या. समितीची लाट होती हे खरेच, पण त्या लाटेवर स्वार व्हायला गावोगाव कार्यकर्ते लागतात आणि ते पक्षाकडे होते. म्हणजे नेत्यांच्या जाण्याने पक्षाला जखम झाली, तरी ती प्राणघातक नव्हती. मोठी घसरण १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत झाली, आणि या पाच वर्षांत पक्षापेक्षा महाराष्ट्राचे खेडेच अधिक बदलले होते.

हा बदल क्रमाने पाहावा. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्येच झाला होता. १९४८ च्या कूळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. शेकापला सर्वाधिक जागा देणारे मतदान त्याआधी काही आठवडे झाले होते. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला. १९६१ मध्ये जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखान्याचा नमुना बागायती पट्ट्यात पसरू लागला. कूळकायद्याची अंमलबजावणी सगळीकडे प्रामाणिक झाली नाही, अनेक कुळे आधीच बेदखल केली गेली होती आणि शेतमजुराच्या हाती तर काहीच आले नाही. तरीही मतदारांत वजन असलेला मध्यम शेतकरी आता मालक झाला होता. त्याच्या गरजा बदलल्या. सोसायटीचे पीककर्ज वेळेवर मिळावे, कारखान्यात उसाची नोंद व्हावी, तोडणीची टोळी फडात लवकर यावी, उसाचे बिल थकू नये, पोराची फी माफ व्हावी आणि शिकलेल्या पोराला झेडपीच्या शाळेत मास्तरकी मिळावी, हे त्याचे रोजचे प्रश्न होते. यातल्या प्रत्येक कामासाठी कुठल्या तरी चेअरमनकडे किंवा सभापतीकडे जावे लागे आणि ती माणसे बहुतेक ठिकाणी काँग्रेसची होती. शेकापचा कार्यकर्ता मोर्चा काढून देऊ शकत होता, पण टोळी पाठवू शकत नव्हता. मोर्चा वर्षातून एकदा निघतो आणि ऊस दर वर्षी तुटावा लागतो.

काँग्रेसचे नेते यशवंतराव चव्हाण यांच्या बेरजेच्या राजकारणाचे खरे बळ इथे होते. त्यांनी माणसे घेतली, त्याबरोबर त्या माणसांचा कार्यक्रमही घेतला. रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते कऱ्हाडमधून शेकापचे आमदार होते. ते काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले, आणि १९७० च्या दशकात कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या मागे उभे राहिले ते तेच. शेकापने मांडलेले धोरण शेकापमध्ये घडलेल्या माणसाने काँग्रेसच्या सत्तेतून राबवले. कापूस उत्पादकाला योजना मिळाली आणि पक्षाच्या पदरात श्रेयही पडले नाही. जेध्यांच्या निधनानंतर १९६० मध्ये बारामती लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तेव्हा शेकापचे उमेदवार वसंतराव पवार होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरद पवार काँग्रेसच्या उमेदवाराचा, म्हणजे केशवरावांचे पुत्र गुलाबराव जेधे यांचा प्रचार करत होते. काटेवाडीच्या त्या घरात शेकापचा विचार आईपासून, शारदाबाईंपासून आला होता. ग्रामीण महाराष्ट्रातल्या होतकरू तरुणांची पिढी कोणत्या दिशेने वळत होती, हे या एका घरावरून कळते.

दुसरा आक्षेप विचारसरणीचा. १९५० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडी येथे पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारणारा प्रबंध संमत केला. देव-धर्म मानणाऱ्या, मराठा-कुणबी वस्तीच्या खेड्यांना हे पचणार नव्हते, असे म्हणतात. पण अलिबाग, पनवेल, सांगोला, कंधार इथल्या लोकांनी लाल बावटा दशकानुदशके खांद्यावर घेतला. वारीला जाणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी शेकापला मत देत होता आणि त्यात त्याला विसंगती वाटत नव्हती. प्रबंधाची भाषा त्याने वाचली नव्हती, आपल्या बाजूने कोण उभे राहते ते त्याने पाहिले होते. दाभाडी प्रबंधाचा दोष असलाच तर तो वेगळा आहे. त्याने पक्षाला सत्तेच्या मोठ्या लढाईची तयारी करायला शिकवले आणि सहकारी सोसायटी, बाजार समिती, दूध संघ यांसारख्या लहान सत्तास्थानांकडे दुय्यम म्हणून पाहण्याची सवय लावली. पुढची तीस वर्षे महाराष्ट्राचे राजकारण नेमके त्याच लहान सत्तास्थानांतून चालले.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काँग्रेसकडे सरकार होते, कारखान्यांचे परवाने होते, कर्जाची हमी होती, मग विरोधी पक्षाने संस्था उभ्या करायच्या कशा? ही अडचण खरी होती. पण १९७८ मध्ये काँग्रेस दुभंगली, पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले आणि शेकाप त्यात सामील झाला. एन. डी. पाटील सहकार खात्याचे मंत्री झाले, गणपतराव देशमुखही मंत्रिमंडळात होते. हे सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले, अवधी कमी होता. तरीही त्यानंतरच्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १३ वरून ९ वर आल्या, हे बोलके आहे. एन. डी. पाटलांसारख्या निर्मळ नेत्याबद्दल राज्यभर आदर होता, पण आदर मतपेटीत उतरायला मतदारसंघात रोज चालणारी यंत्रणा लागते. तशी ती मोजक्या तालुक्यांतच होती. त्याच काळात शेतकऱ्याचा मुख्य प्रश्न जमिनीकडून शेतीमालाच्या भावाकडे सरकला होता. तो रस्त्यावर आणला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने, १९८० च्या कांदा आणि ऊस आंदोलनांतून. ज्या पक्षाच्या नावातच शेतकरी आहे, त्याला या लाटेत मागे चालावे लागले. १९८५ नंतर शिवसेना खेड्यांत शिरली आणि तरुण कार्यकर्ता तिकडे वळला.

रायगडची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १९७० मध्ये सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. शेकापचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व आले, पुढे देशात इतरत्रही ज्याचा दाखला दिला गेला. २००८ मध्ये पेणजवळच्या २२ गावांत महामुंबई सेझवर जनमत घेतले गेले, त्यामागेही शेकापचा आणि एन. डी. पाटलांचा लढा होता. लढे असे जिंकले, पण ज्या जमिनीवर पक्ष उभा होता तिथे आता इमारती आल्या. भातखाचरे गेली आणि सोसायट्यांत नवा मतदार राहायला आला. पाणी, लोकल, मालमत्ता कर हे त्याचे प्रश्न. चरी, जासई ही नावे त्याला ठाऊक नव्हती. आणि भूखंड मिळालेल्या आगरी तरुणाला व्यवसायासाठी सत्तेच्या जवळ राहणे गरजेचे वाटू लागले. २००९ मध्ये पनवेल विधानसभा गेली. २०१७ मध्ये पनवेल महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपने जिंकल्या.

या विवेचनाची कसोटी सांगोल्यात लागते. गणपतराव देशमुख तिथून ११ वेळा निवडून आले. त्यांची सचोटी निर्विवाद होती, पण सचोटीचे अनेक नेते महाराष्ट्रात पराभूत झाले आहेत. सांगोल्यात पक्षाकडे सूतगिरणी होती, सहकारी संस्था होत्या आणि पाण्याचा कधीही न सुटलेला प्रश्न होता. आटपाडीला दर वर्षी भरणाऱ्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने गणपतराव वर्षानुवर्षे दुष्काळी तालुक्यांचा हिशेब मांडत राहिले. मागणी आणि संस्था दोन्ही एका हातात असल्या की काय होते, याचा हा पुरावा. २०१९ मध्ये ते स्वतः उभे नसताना पक्ष तिथे अवघ्या ७६८ मतांनी हरला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२४ मध्ये त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत मिळवली. पक्षाचा तो राज्यातला एकमेव आमदार.

उलट बाजूचा दाखला गोव्यात आहे. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा जन्मच गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी झाला होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्याची ही मुख्य मागणी फेटाळली गेली. तरीही त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष ३० पैकी १६ जागा जिंकून पुन्हा सत्तेवर आला, आणि १९७९ पर्यंत राहिला. वाड्यावाड्यांवर निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा आणि कुळांच्या बाजूचा कायदा यांमुळे बहुजन गोमंतकीयाला हे सरकार आपले वाटत होते. तिथे मागणी हरली आणि पक्ष जिंकला, इथे मागणी जिंकली आणि पक्ष हरला.

म्हणून शेकापचा इतिहास अपयशाचा म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. खोती गेली, कूळ मालक झाले, मराठी राज्य आले, प्रकल्पग्रस्ताला जमिनीचा वाटा मिळाला, या साऱ्यात त्याचा घाम आणि रक्त आहे. पण मतदार कृतज्ञतेवर फार तर एक निवडणूक मत देतो, पुढच्या वेळी तो आजच्या अडचणीत उपयोगी पडणाऱ्याकडे जातो, आणि तसे जाणे हा त्याचा हक्क आहे. आज शेतकऱ्यांच्या नावाने नव्या संघटना आणि पक्ष निघत आहेत. त्यांनी शेकापकडून लढायचे कसे ते जरूर शिकावे. त्याहून महत्त्वाचा धडा हा, की लढा जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी गावात कोणते काम हाती घ्यायचे, याची तयारी लढा चालू असतानाच करावी लागते.