पायाचा पेच आणि गुडघ्याची किंमत

आमचे सौंदड धानाचे गाव. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की सारे गाव बांध्यांत उतरते आणि दिवसभर चिखलात वाकून असते. अशा गावात गुडघा धड नसला की माणसाची मजुरीच बुडते. माझ्या थोरल्या भावाने, भाईजानने, हे तरुणपणीच भोगले. कुस्त्यांच्या एका दंगलीत त्यांचा पाय पिळला गेला. समोरच्याने तो मुद्दाम पिळला का, यावर गावात बरेच दिवस वाद चालला. गुडघा मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

परवा भाईजानचा मुलगा नागपूरहून आला. तिथे तो ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतो. "चाचा, आता टाचेचा पेचसुद्धा स्पर्धेत चालतो," असे तो मोठ्या आनंदाने म्हणाला. भाईजान काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. पायावरच्या पेचांना कोणी, कधी आणि का मनाई केली, हे मी तेव्हापासून शोधू लागलो.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. परंपरेने कुस्तीचे चार प्रकार मानले जातात. भीमसेनीत बळ, हनुमंतीत चपळाई, जांबुवंतीत जखडून हार कबूल करायला लावणे आणि जरासंधीत थेट सांधे मोडणे. यातला शेवटचा प्रकार आपल्या मातीतल्या कुस्तीने बाजूला ठेवला. तिला त्याची गरजही नव्हती. पाठ मातीला लागली की कुस्ती चितपट. तालीम, वस्ताद, पेच हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि याच लाल मातीत मराठी झाले. या मातीत निकाल पाठीवरून लागतो, मोडलेल्या सांध्यावरून नाही.

जपानी जुजुत्सूची गोष्ट वेगळी. तिथे समोरच्याने हार कबूल केली तरी निकाल लागतो. सांधा पिरगळायचा आणि त्याने थाप देऊन 'पुरे' म्हणायचे. मग कुठला सांधा चालेल आणि कुठला नाही, हे लिहून ठेवावेच लागते. १८८२ मध्ये ज्युदोचे कोडोकान स्थापन करणारे जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. त्यांच्या अध्यक्षतेखाली १८९९ मध्ये स्पर्धेचे नियम ठरले, तेव्हा हातापायांची बोटे, मनगट आणि घोटा यांवरचे पेच बाद झाले. १९१६ मध्ये पायात पाय गुंतवून गुडघा पिळणारा पेच गेला. १९२५ मध्ये तर कोपर सोडून बाकी सर्व सांध्यांना मनाई झाली.

कोडोकानचाच एक मल्ल मित्सुयो माएदा १९०४ मध्ये जपानबाहेर पडला आणि १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि त्या घराण्याने ही विद्या वाढवली. पण पायाच्या पेचांकडे तिथे तुच्छतेने पाहिले जाई. रिओ शहराच्या बेंतो रिबेरो या उपनगरात ओस्वाल्दो फाद्दा हा गुरू गोरगरिबांच्या मुलांना फुकट शिकवीत असे. १९५० च्या दशकात त्याच्या शिष्यांनी ग्रेसींच्या शिष्यांना हरवले, ते याच पायाच्या पेचांनी. तरीही 'उपनगरी पेच' हा हिणकस शिक्का पुढे कितीतरी वर्षे राहिला. म्हणजे मनाईमागे प्रत्येक वेळी काळजीच असते असे नाही, कधी कधी प्रतिष्ठाही असते.

आज ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहेत. सोळा वर्षांखालील मुलांना पायाचा कुठलाच पेच नाही. पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढाला घोट्याचा सरळ पेच चालतो. गुडघा ताणण्याचा पेच तपकिरी पट्ट्यापासून पुढे. टाच धरून पाय पिळण्याचा पेच २०२१ पासून मोकळा झाला, पण तोही फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना आणि अंगात गी, म्हणजे जाड झगा, नसलेल्या स्पर्धेतच. याचे कारण साधे आहे. कोपर पिरगळले की आधी दुखते, मग इजा होते. टाच पिळली की ताण गुडघ्याच्या आतल्या बंधांवर येतो आणि तिथे पुष्कळदा वेदना उशिरा पोचते. दुखले म्हणून थाप द्यावी, तोवर बंध तुटलेला असतो.

हे सारे मी पुतण्याला वाचून दाखवले आणि विचारले, "तू थाप कधी देतोस?"

"उस्ताद सांगतात, दुखायच्या आधी," तो म्हणाला. "आणि समोरच्याचा पाय हातात आला, तर त्याने थाप देईपर्यंत थांबायचे. झटका द्यायचा नाही."

भाईजान खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वेळी हे कोणी सांगितले असते तर!"

कागदावरचा नियम पंच पाळून घेतो. पण समोरच्याचा पाय आपल्या हातात असतो त्या क्षणी पंच दूर असतो. त्या माणसालाही उद्या बांधीत उतरायचे आहे, एवढे ज्याला आठवते तो खरा पहिलवान.